डाव्या कानात वाजप, उजव्या कानात गळा : जुन्या रेकॉर्डींचं स्टिरिओ मिक्सिंग उलगडून कसं ऐकायचं

वडगावात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच मागाचा कारखाना. दुपारी वीज गेली की माग बंद पडायचे आणि मग गल्लीतले बॅटरीवरचे रेडिओ ऐकू यायचे. आमच्याकडं सांगली लागलेली, पलीकडच्या घरात धारवाड. मधल्या सोप्यात बसलं की एका कानात नाट्यगीत आणि दुसऱ्या कानात कन्नड वचन. पुढं बऱ्याच वर्षांनी १९६३ सालची एक इंग्लिश एलपी हेडफोन लावून ऐकली आणि तो सोपा आठवला. डावीकडं सगळं वाजप, उजवीकडं नुसता गळा, मधे चिटपाखरू नाही.

परवा तीच रेकॉर्ड भाच्याला ऐकवली. एका कानाचं बोंडूक काढून तो म्हणाला, "मामा, हेडफोन गेला की हो तुमचा. हिकडं गाणंच यायला नाही."

हेडफोन चांगला होता. तशा रेकॉर्डी तशाच केलेल्या असतात. त्या का तशा केल्या, आपल्या कपाटातली रेकॉर्ड त्यातल्या कुठल्या जातीची आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं, कॉम्प्युटरवर उतरवून घेताना काय सांभाळायचं, आणि हौस असेल तर तोच प्रयोग आपल्या भजनी मंडळावर कसा करायचा, ते पुढं सांगतो. लागणारं सामान थोडं आहे. रेकॉर्ड प्लेअर, सुईचा बारीक आवाज मोठा करणारा फोनो प्रीअँप, आवाज कॉम्प्युटरात घ्यायला जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस, ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करायचं, कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक बरा हेडफोन.

आधी थोडं मागचं

स्टिरिओ म्हणजे दोन कानांना दोन वेगळे आवाज; ही कल्पना स्टिरिओ रेकॉर्डीपेक्षा जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यानं ऑपेराच्या रंगमंचावर ओळीनं टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि लोकांना दोन रिसीव्हर दोन कानांना लावून गाणं ऐकवलं. पण आपल्या कामाचा माणूस म्हणजे ॲलन ब्लमलिन. ईएमआय या इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीचा हा इंजिनिअर. १९३१च्या डिसेंबरात त्यानं जो पेटंटचा अर्ज केला, त्यात एकाच खोबणीत दोन चॅनेल, म्हणजे डावा आणि उजवा आवाज, कोरायची युक्ती होती.

ती युक्ती आपल्याकडच्या माणसाला उसाच्या सरीवरून पटकन कळेल. सरीला दोन उतार असतात. रेकॉर्डीच्या खोबणीचंही तसंच, दोन भिंती, दोन्ही ४५ अंशांत कललेल्या. मधल्या भोकाच्या बाजूच्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई सरीतून चालते आणि दोन्ही उतारांचे खाचखळगे एकाच वेळी वाचते. दोन्ही भिंतींवर आवाज अगदी सारखा असेल तर सुई फक्त आडवी हलते. दोहोंत फरक असेल तर ती वर-खालीही हलते. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची निम्मी परीक्षा यावरच आहे.

ब्लमलिन १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून गेला. त्याच्या पद्धतीच्या स्टिरिओ एलपी दुकानात सर्रास यायला १९५८ उजाडलं. तोवर टेपवर दोन ट्रॅक घेणारी यंत्रं स्टुडिओत आली होती, आणि घोळ सुरू झाला तो तिथंच.

गळा एकीकडं का गेला

लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६३च्या फेब्रुवारीत बीटल्सची पहिली एलपी मुद्रित झाली, बरीचशी एकाच दिवसात. टेपवर दोनच ट्रॅक. एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. हे दोन ट्रॅक स्टिरिओसाठी ठेवलेच नव्हते. गाणं झाल्यावर गळा किती वर, वाद्यं किती खाली, हा तोल निवांत बसून ठरवता यावा आणि मग सगळं एका मोनो टेपवर, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज अशा टेपवर, एकत्र करावं, एवढाच हेतू. रेडिओ मोनो, सिंगल रेकॉर्ड मोनो, लोकांच्या घरचे प्लेअर मोनो. मोनो हाच खरा माल. स्टिरिओ मागणारं गिऱ्हाईक थोडं, त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती काढली ती त्याच दोन ट्रॅकमधून. एक डावीकडं, एक उजवीकडं, झालं काम.

मला यात त्या लोकांची चूक दिसत नाही. तेव्हाचा स्टिरिओ म्हणजे बहुधा रेडिओग्राम, एका लाकडी कपाटात तीन-चार फुटांवर दोन स्पीकर. आवाज खोलीत आपोआप मिसळायचा. डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू जायचा. आपण हेडफोन लावून ती मिसळण तोडून टाकतो आणि मग मिक्सिंगला नावं ठेवतो.

पुढं चार ट्रॅक आले तरी अडचण सुटली नाही. ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर बसवलेले असले, की ते तिघे मिळून जिथं ठेवाल तिथंच राहणार. मैद्यात मिसळलेलं मीठ परत वेचता येत नाही. बऱ्याच ठिकाणी मिक्सरवर फिरवायचं बटण नसायचं, डावी, मध्य, उजवी अशा तीन खटक्यांचा स्विच असायचा. म्हणून त्या काळच्या रेकॉर्डीत आवाज एकतर पार टोकाला, नाहीतर बरोबर मधे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. हिंदी-मराठी सिनेमाची गाणी त्या काळात अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसवून एका दमात मोनो घेतली जायची. वेगळे ट्रॅक राहिलेलेच नसत. त्यामुळं पन्नास-साठच्या दशकातल्या फिल्मी गाण्याच्या नंतरच्या एलपीवर किंवा कॅसेटवर ‘स्टिरिओ’ छापलेलं दिसलं, की आधी शंका घ्यावी. शास्त्रीय संगीतात मात्र साठच्या दशकाच्या शेवटी एचएमव्हीच्या खऱ्या स्टिरिओ एलपी निघू लागल्या.

पायरी पहिली : लेबल वाचा

एचएमव्हीच्या भारतीय एलपीवर नंबराआधी इंग्रजी अक्षरं असतात. ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो. ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ बहुतेक घरांत असते, तिच्यावर ईसीएसडी दिसेल. शनिवारच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्यासमोर उकिडवं बसून गठ्ठा चाळताना एवढं माहीत असलं तरी पुरतं.

कव्हरवर ‘रिप्रोसेस्ड’, ‘रिचॅनल्ड’ किंवा ‘सिम्युलेटेड’ यांपैकी एखादा शब्द असेल तर तो स्टिरिओ बनावट समजा. मूळ मोनो, नंतर सोंग दिलेलं.

पायरी दुसरी : रेकॉर्ड धुवा

खानापूर-बेळगावच्या पावसात बंद कपाटातल्या रेकॉर्डींना बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसतात, ऐकताना बारीक चुरचुर येते आणि सुईला कापसासारखा गोळा लागतो. बुरशी एकाच भिंतीला जास्त धरली असेल तर एकाच कानात आवाज फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मिक्सिंगच तसं आहे. म्हणून परीक्षेआधी धुणं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादाच थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनं फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवायचं. लेबल भिजवू नका. आजोबांच्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तव्याला चुकूनही स्पिरिट लावू नका. तो लाखेचा असतो, स्पिरिटात विरघळतो.

पायरी तिसरी : सुई आणि चार वायरी

जुन्या पोर्टेबल प्लेअरवर स्टिरिओ रेकॉर्ड लावू नका. त्यांचे पिकअप जड आणि सुई वर-खाली हलायला नाखूश. एकदा फिरवली की खोबणीच्या भिंती घासल्याच म्हणून समजा. स्टिरिओ एलपीला साधारण १८ मायक्रॉनची सुई लागते, मोनो एलपीला २५ मायक्रॉनची आणि ७८च्या तव्याला जवळजवळ ७५ची. काट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या डबीवर, वजन किती द्यायचं ते काट्रिज बनवणाऱ्यानं सांगितलेलं असतं, तेवढंच द्या.

वायरींचं मात्र मी जरा सविस्तर सांगणार, कारण त्यात माझा एक पावसाळा वाया गेलाय. प्लेअर दुरुस्तीला दिला होता. परत आला तो गुणगुण न करता वाजत होता, मी खूश. पण जी रेकॉर्ड लावावी तिचा गळा मधे यायच्याऐवजी डोक्याभोवती पसरल्यासारखा, आणि मोनो बटण दाबलं की बेस गायब, तबल्याचा बायाँ तर ऐकूच येईना. सगळ्या रेकॉर्डी बनावट स्टिरिओच्या आहेत असा शोध लावून मी चार जणांना ऐकवलाही. शेवटी एक दिवस भिंग घेऊन काट्रिजच्या मागं बघितलं. काट्रिज धरणाऱ्या हेडशेलच्या चार वायरींपैकी लाल आणि हिरवी उलट बसवलेली. एक चॅनेल पुढं ढकलत होतं तेव्हा दुसरं मागं ओढत होतं.

पांढरी वायर डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. काट्रिजच्या मागं अक्षरं असतात, जुळवून बघा. चिमट्यानं हळूच, नाहीतर पिन तुटते. मग एखादी खात्रीची मोनो रेकॉर्ड लावा. गळा नाकासमोर, टाचणीनं टोचल्यासारखा एका जागी आला पाहिजे. नाही आला तर पुढच्या कुठल्याच परीक्षेवर विश्वास ठेवू नका.

पायरी चौथी : उतरवून घ्या

ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग स्टिरिओच ठेवा, रेकॉर्ड मोनो असली तरी. २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ही मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, तिच्यावर कात्री चालवायची नाही. पुढचं सगळं तिच्या प्रतीवर.

पायरी पाचवी : चार वेळा ऐका

लेखाचा गाभा हाच. एकच मिनिटभराचा तुकडा घ्या, ज्यात गळाही आहे आणि वाद्यंही.

पहिल्यांदा फक्त डावं चॅनेल. दुसऱ्यांदा फक्त उजवं. दोन्ही वेळा कागदावर लिहा, काय स्पष्ट, काय पुसट, काय नाहीच. पुसट काय आहे ते फार बोलकं असतं. डाव्या बाजूला गळा दूरवरून, खोलीसकट ऐकू येत असेल तर गायक आणि वादक एकाच खोलीत होते आणि गळा वाद्यांच्या माइकात गळलाय. बीटल्सच्या त्या एलपीत हे छान ऐकू येतं. पण तो पुसट गळा कोरडा, मूळ गळ्यासारखाच फक्त लहान असेल, तर तो तुमच्या काट्रिजचा गुण. चांगलं काट्रिजही एका भिंतीचा थोडा आवाज दुसऱ्या चॅनेलात सांडतंच.

तिसऱ्यांदा दोन्हींची बेरीज. ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, दोन्ही ट्रॅक ६ डेसिबलनं खाली घ्या, एकत्र वाजवा.

चौथ्यांदा वजाबाकी. त्याच दोन ट्रॅकपैकी एक निवडून त्याला ‘इन्व्हर्ट’ लावा आणि पुन्हा एकत्र वाजवा. दोन्हीकडं जे सारखं आहे ते एकमेकांना मारतं, वेगळं आहे तेवढं उरतं. मात्र एक अडचण येते. काट्रिजचे दोन्ही चॅनेल सहसा तंतोतंत सारखे नसतात, डेसिबल-दोन डेसिबलचा फरक असतो, त्यामुळं मोनो रेकॉर्डही पूर्ण पुसली जात नाही. एका ट्रॅकचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, हळूहळू खाली-वर करा. एका जागी गळा एकदम खोल विहिरीत गेल्यासारखा होतो. तिथं थांबा.

आता उत्तर वाचा. वजाबाकीत नुसती चुरचुर आणि धुळीचे टकटक आवाज उरले तर रेकॉर्ड मोनो. ही चुरचुर म्हणजे सुईचं वर-खाली हलणं. मोनो रेकॉर्डीत वर-खाली काही कोरलेलंच नसतं, तिथं फक्त घाण असते. म्हणून मोनो रेकॉर्ड नेहमी बेरीज करून ऐकावी, अर्धी घाण फुकटात जाते. कपाटात मोनो रेकॉर्डी असणाऱ्यानं या लेखातलं एवढंच केलं तरी चालेल.

वजाबाकीत गळा गेला पण वाद्यं दोन्ही टोकांची उरली, तर गळा मधे ठेवलेलं नंतरच्या धर्तीचं स्टिरिओ. गळाही उरला आणि वाद्यंही उरली, काहीच मेलं नाही, आणि एकेकट्या चॅनेलात दोन्ही वेगवेगळे ऐकू आले होते, तर ती डावीकडं वाजप, उजवीकडं गळा अशी दोन ट्रॅकची जात.

चौथा प्रकार बनावट. इथं दोन्ही चॅनेलात सगळंच आहे, पण एकीकडं घुमतं, दुसरीकडं टोचतं. एका बाजूला बेस वाढवलेला, दुसऱ्या बाजूला ट्रेबल, आणि बहुतेकदा एक बाजू काही मिलिसेकंद मागं सरकवलेली. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीनं १९६१पासून याला ड्युओफोनिक असं भारदस्त नाव दिलं. बेरीज केली की आवाज पत्र्याच्या नळातून आल्यासारखा होतो, वजाबाकीतही तसाच. गंमत म्हणजे बीटल्सच्या त्याच पहिल्या एलपीच्या जुन्या स्टिरिओ आवृत्तीत दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी अशी बनावट आहेत, कारण त्यांची मोनो टेपच हाताशी होती. खरा आणि खोटा स्टिरिओ एकाच तव्यावर शेजारी शेजारी. शिकायला यापेक्षा सोयीची रेकॉर्ड मला माहीत नाही.

पायरी सहावी : दुरुस्ती, पण बेतानं

दोन टोकांची रेकॉर्ड हेडफोनवर सोसत नसेल तर ‘स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक’ करा आणि पॅन, म्हणजे आवाज किती डावीकडं-उजवीकडं ते ठरवणारी खूण, दोन्ही ट्रॅकवर १०० टक्क्यांवरून ६०च्या आसपास आणा. गळा उजवीकडंच राहील, पण कानात घुसणार नाही. याहून चांगला उपाय म्हणजे क्रॉसफीड नावाचं प्लगइन. ते डाव्याचा थोडा आवाज, ट्रेबल कमी करून आणि पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिरानं, उजव्या कानाला देतं. स्पीकरपुढं बसल्यावर आपल्या डोक्याचं जे होतं तेच. पूर्ण मोनो करायचा मोह टाळा. मोनो आवृत्तीचं मिक्सिंग वेगळं, जास्त वेळ देऊन केलेलं असायचं. स्टिरिओची बेरीज म्हणजे ती नव्हे.

बनावट स्टिरिओत तबल्याचा एखादा खणखणीत ‘ना’ हा बोल शोधा, भरपूर झूम करा, दोन्ही ट्रॅकवरचा तोच ठोका बघा. एक मागं असेल तर ओढून जुळवा आणि मगच बेरीज करा. पत्र्याचा आवाज बराचसा जातो. ठोका जुळूनही आवाज विचित्रच राहिला तर दोन्हींतलं बरं वाटतं ते एक चॅनेल घ्या आणि सोडून द्या.

पायरी सातवी : हाच प्रयोग भजनात

उचगावच्या एका मंडळाबरोबर आम्ही हे केलं. आधी १९६३ची रीत. एक माइक हार्मोनियम आणि पखवाजाच्या मधे, एक गायकाच्या तोंडापासून वीतभर. दोन माइकांमधलं अंतर माइक ते गायक या अंतराच्या तिप्पट तरी हवं, जमेल तितकं जास्त. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. खरी डोकेदुखी टाळांची. टाळ सगळ्या माइकांत शिरतात. टाळकऱ्यांना गायकाच्या माइककडं पाठ करून उभं केलं, मागं सतरंजी टांगली, तेव्हा कुठं गळा सुटा झाला.

मग ब्लमलिनची वाट. त्यानं आठच्या आकड्यासारखं पुढून-मागून ऐकणारे दोन माइक काटकोनात वापरले होते. आपल्याकडं साधे एकतर्फी माइक असतात, तेही चालतात. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचं डोकं, ९० अंशांत, मंडळापासून सात-आठ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडं वर. इथं बटण फिरवून काही होत नाही. मिक्सिंग म्हणजे माणसं सरकवणं. पखवाज दबतोय? हातभर पुढं घ्या. हार्मोनियम चढतोय? त्याला मागं न्या. जमिनीवर खडूनं खुणा करा, प्रत्येकानं आपल्या जागेवरून एक टाळी वाजवायची, हेडफोनवर ऐकणाऱ्यानं बोट दाखवून जागा सांगायची. बोट बरोबर पडेपर्यंत अभंग सुरू करायचा नाही. आणि पखवाजाला कणीक लावून स्वर मिळवल्यानंतरच लेव्हल लावा, आधी लावलेली पुन्हा बदलावी लागते.

वेळ निवडताना एक सांगतो. वीज असली की कुठूनतरी माग, गिरणी नाहीतर पंप ऐकू येतो, आणि इंटरफेसचं अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुणही. वीज जायची वाट बघा. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस त्याच्यावर, आणि गाव गप्प.

मंडळातल्या सत्तरी ओलांडलेल्या काकांना आधी दोन ट्रॅकचं मुद्रण हेडफोनवर लावून दिलं. डोळे मिटून स्वतःचा गळा उजव्या कानात ऐकत होते. मधेच मान डावीकडं वळवून त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "ह्यो पखवाजवाला एवढ्या लांब कवा जाऊन बसला गा?" पॅन ६० टक्क्यांवर आणल्यावर मान सरळ झाली.